वणीची देवी आणि देवीची वणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेला देवघरात घट बसला, पहिली माळ चढली आणि नंदादीप तेवू लागला, की उत्तर महाराष्ट्रातील असंख्य घरांतून एकच प्रश्न कानी येतो, ‘यंदा वणीला केव्हा निघायचे?’ प्रश्न वणीचा असतो. मनात मात्र सप्तशृंगीचा गड उभा राहिलेला असतो. वस्तुतः वणी हे गाव दिंडोरी तालुक्यातले आणि गड कळवण तालुक्यातला. वणीपासून गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत सुमारे १४ किलोमीटर वाट आणि तेथून पुढे १० किलोमीटरांचा घाट एवढे अंतर दोहोंमध्ये आहे. तरीही साडेतीन पीठांपैकी अर्धे पीठ म्हणून पूज्य असलेल्या या आदिमायेला लोक ‘वणीची देवी’ असेच म्हणत आले. नाशिककडून जाणाऱ्या जुन्या वाटसरूला डोंगरापूर्वीचे शेवटचे भरलेले बाजारगाव हेच लागत असे. शिधा येथे घ्यावयाचा, ओटी येथे बांधावयाची आणि मग देवीचे नाव घेऊन पाऊल उचलावयाचे. नाव पडले ते बहुधा तेव्हापासून.

आज बहुसंख्य भाविक वणीच्या बसस्थानकावर चहापुरते थांबतात. खिडकीतून गाव दिसते न दिसते तोच गाडी सुटते. आमच्या कुटुंबाचा दिवस मात्र गेल्या नवरात्रात पाचव्या माळेला, ललिता पंचमीस, याच गावात गेला. त्याला कारण आमच्या सासूबाई.

सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. वणीची देवी हे आमचे कुलदैवत, आणि लग्न होऊन आल्यापासून त्यांची वारी सहसा चुकली नाही. २०१९च्या चैत्रात त्या गडाच्या पायऱ्या शेवटच्या चढल्या. पुढे २०२०चे नवरात्र आले ते राज्यातील मंदिरांची दारे बंद असतानाच. २०२१ मध्ये ७ ऑक्टोबरला, नेमकी घटस्थापनेच्याच दिवशी, ती पुन्हा उघडली. परंतु तोवर त्यांच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. गडावर २०१८ पासून ट्रॉलीची सोय आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, हे आम्ही त्यांना किती वेळा सांगितले असेल! त्या हसून विषय बदलीत. खरे कारण निराळे होते व ते त्यांनी निघण्याच्या आदल्या रात्री सांगितले. “पायांनी जमत नाही, हे देवी एक वेळ समजून घेईल, सूनबाई. पण माझ्या डोळ्यांत तिचं जे रूप आहे ते शेंदराचं. आता म्हणे तो शेंदूर काढला. वर जायचं आणि ओळखच पटली नाही तर?”

त्यांचे म्हणणे आमच्याने खोडून काढवेना. २०२२च्या जुलैत मंदिर दीड महिन्याहून अधिक काळ दर्शनास बंद ठेवून मूर्तीच्या संवर्धनाचे काम करण्यात आले. शतकानुशतके चढत गेलेले शेंदराचे जाड थर उतरविण्यात आले आणि त्या वर्षीच्या घटस्थापनेस, २६ सप्टेंबर रोजी, भाविकांना मूर्तीची मूळची रेखीव घडण पाहावयास मिळाली. अनेकांनी धन्यता मानली. परंतु ज्यांनी उभे आयुष्य शेंदूरचर्चित रूपच ध्यानी धरले, त्यांच्या मनाची घालमेल ही अश्रद्धा नव्हे. ती श्रद्धेचीच एक कळ आहे असे आम्हांस वाटते. तेव्हा घरात असे ठरले, की वणीला जावे, सबंध दिवस गावात काढावा, जगदंबेची ओटी भरावी आणि गडाचा विषय कोणी काढू नये.

नाशिकहून पहाटेच्या एसटीने निघालो. दिंडोरीमार्गे वणी सुमारे ४५ किलोमीटर. हा मुलूख द्राक्षांचा. आश्विनात येथे द्राक्षे नसतात. असते ती छाटणी. नुकत्याच छाटलेल्या वेलींवर कोवळे फुटवे आलेले, शेजारी टोमॅटोच्या बागा तारांवर बांधलेल्या आणि मध्येच बांधाबांधाने पिवळाधमक झेंडू. दसऱ्याच्या बाजारासाठी त्याची तोडणी चालू होती. वणी जवळ आली तसे उत्तरेच्या क्षितिजावर डोंगर उभे राहिले. मुलांनी बोट दाखविताच सासूबाईंनी बसल्या जागीच हात जोडले, परंतु बोलल्या काही नाहीत.

गावात शिरताच उत्सवाची चाहूल प्रथम नाकाला लागते. धूप, ओले झेंडू, फुटाणे भाजणाऱ्या कढईतील तापलेली वाळू आणि उपाहारगृहांतून येणारा साबुदाण्याच्या खिचडीचा तुपकट दरवळ. जगदंबेच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही अंगांस दुकाने मांडलेली. कुंकवाच्या राशी, हिरव्या बांगड्यांचे चुडे, खण, परड्या, देवीचे टाक, बत्तासे, लाह्या. सुरगाणा आणि कळवणच्या डोंगराळ भागातून उतरलेल्या कोकणा स्त्रिया टोपल्यांत सीताफळे घेऊन बसल्या होत्या. सापुताऱ्याचा रस्ता वणीवरूनच जात असल्याने गुजराती बोली येथे परकी वाटत नाही. खान्देशातून आलेल्यांची अहिराणी तर घरचीच. एका बांगडीवाल्याशी एकाच वेळी तीन बोलींत घासाघीस चालली होती आणि तिन्ही बाजूंनी तो सारखाच अढळ होता!

सासूबाई एका कापडाच्या दुकानाशी थांबल्या. जगदंबेसाठी त्यांनी हिरवे, लाल काठाचे लुगडे आणि खण घेतला. पैसे देताना त्यांची दृष्टी वरच्या फळीवरील एका जड घडीकडे गेली. “ते गडावरच्या देवीचं, आजी. अकरा वार,” दुकानदाराने सांगितले आणि घडी उतरवून त्यांच्यासमोर ठेवली. गडावरील भगवतीची मूर्ती सुमारे आठ फूट उंचीची, कड्यातच कोरलेली. तिला लुगडे अकरा वार लागते आणि चोळीला तीन खण. सासूबाईंनी त्या घडीवरून एकदा हात फिरविला, काठ उलटून पाहिला आणि “राहू दे,” म्हणून त्या पुढे निघाल्या.

जगदंबेच्या मंदिरात पाऊल ठेवताच गावातील गजबज मागे पडते, परंतु शांतता म्हणावी तर तीही नव्हे. येथे नवरात्रात स्त्रिया ‘घटी बसतात’. घरदार, चूल, लेकरे सोडून नऊ दिवस देवीच्या सान्निध्यातच राहावयाचे, उपवास करावयाचा, जमिनीवर निजावयाचे आणि घटासारखेच एका जागी स्थिर राहावयाचे, असे हे व्रत. मंडपात ओळीने अंथरुणे, उशाशी पितळी तांब्या, गाठोडे, जपमाळ. कोणी पोथी वाचीत होती, कोणी वाती वळीत होती, कोणी दुसरीच्या केसांना तेल लावीत होती. आपल्या घरी घट बसतो, तेव्हा आपण त्या घटाची सेवा करतो. येथे बाईच घट होऊन बसते. वर्षभर जिला क्षणाची उसंत नाही अशा शेतकरी कुटुंबातील स्त्रीला देवीच्या दारी नऊ दिवसांची ही स्थिरता लाभते. व्रताच्या फलश्रुतीत तिचा उल्लेख कोठे केलेला नसेल, परंतु तेथील चेहरे पाहता आम्हांस ते फळ लहान वाटले नाही.

ओटी भरून झाली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम. सासूबाईंनी एकेक वस्तू सावकाश ठेवली. मागून कोणी घाई करीत नव्हते. गडावर नवरात्रात असे निवांतपण मागूनही मिळत नाही. मग त्या मंडपातच भिंतीला टेकून बसल्या आणि शेजारच्या अंथरुणावरील एका म्हाताऱ्या बाईंशी त्यांचे सूत जमले. त्या बाई दिंडोरी तालुक्यातल्याच. बोलता बोलता सासूबाईंनी विचारले, “वर जाता का हो अजून?”

“पाय चालले तवा गेले,” त्या म्हणाल्या. “आता नाही जमलं तर ती इथं भेटतीच की. पण बाई, आपुन नाही म्हणायचं नाही. तिनं नको म्हटलं तर निराळं.”

सासूबाईंनी त्यावर उत्तर दिले नाही. वाती वळण्यासाठी त्यांच्याकडील थोडा कापूस मागून घेतला.

दोन प्रहरी एका ओळखीच्या घरी फराळ झाला. भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची पुरी आणि ताक. देवघरात घटावर धान्याचे पिवळसर कोंब वीतभर वाढले होते आणि फुलोऱ्यासाठी कडाकण्या करावयाच्या म्हणून माजघरात रव्याचा डबा काढून ठेवला होता. फराळानंतर घरच्या सेवानिवृत्त शिक्षकांनी मुलांना समोर बसविले आणि त्यांच्या गावाची जी हकिकत सांगितली, ती आम्हां मोठ्यांनाही नवीन होती.

वणी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना देवीमुळे नव्हे, तर ताम्रपटामुळे परिचित आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा गोविंद याचा शके ७३० मधील, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभीचा, दानाचा ताम्रपट ‘वणी-दिंडोरी ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. नासिक देशातील वटनगर विषयामधील, म्हणजे त्या काळच्या एका जिल्ह्यामधील, अंबक नावाचे गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. वटनगर म्हणजेच आजची वणी, असे काही अभ्यासक मानतात. हे दान जेथून दिले, ते मयूरखंडी नावाचे ठिकाण म्हणजे वणीच्या उत्तरेस दिसणारा मार्कंड्याचा डोंगर, असेही मत मांडले गेले आहे. सर्वांनी ते स्वीकारलेले नाही. परंतु ज्या डोंगराकडे पाहून आपण हात जोडतो, त्याच्या आसमंतात बाराशे वर्षांपूर्वी सम्राटाचे दानपत्र कोरले गेले असावे, ही कल्पनाच थोरली आहे.

“मार्कंड्या म्हणजे तोच ना आजी?” धाकट्याने विचारले. आणि सकाळपासून मौन धरलेल्या सासूबाई बोलू लागल्या. गडाच्या पूर्वेस समोर जो सुळका आहे, त्यावर बसून मार्कंडेय ऋषी देवीला पुराण ऐकवीत. अंतर दूर, म्हणून देवी ऐकण्यासाठी किंचित मान कलती करून उभी राहिली. गडावरील मूर्तीची मान एका बाजूस झुकलेली आहे ती यामुळे. महिषासुराचा वध करून आलेली, अठरा हातांत अठरा आयुधे धारण केलेली ही आदिशक्ती. परंतु ऋषीने बोलावयास आरंभ केला, की अठराही हात स्तब्ध आणि कान तेवढा पुढे! “मला तिची आयुधं पाठ नाहीत,” सासूबाई म्हणाल्या, “पण तिची मान मी डोळे मिटूनही सांगेन.”

एवढे बोलून त्या थांबल्या. मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, “नांदुरीची गाडी किती वाजता असते रे?”

कोणी काही विचारले नाही.

नवरात्रात खासगी वाहने नांदुरीलाच थांबवितात व पुढे एसटीच्या गाड्या भाविकांना गडावर नेतात. नांदुरीहून मोहनदरीच्या किल्ल्यातील आरपार भोक, ज्याला ‘नेढे’ म्हणतात, मुलांनी ओळखले. देवीच्या भयाने पळणारा महिषासुर डोंगर फोडून गेला, अशी त्याची कथा. पूर्वी येथून रडतोंडीच्या वाटेने पायी चढून जावे लागे. त्या नावातच चढणीचे सर्व वर्णन आले. घाटात गाडी वळणे घेऊ लागली तशी हवा गार झाली आणि उजेड कलला.

गडावर उतरल्यावर समोर त्या पायऱ्या दिसतात. सुमारे पावणेपाचशे पायऱ्यांचा हा मार्ग सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पत्नी उमाबाई यांनी १७१० मध्ये बांधविला. उमाबाई याच परिसरातल्या. कळवण तालुक्यातील अभोणे हे त्यांचे माहेर. पुढे मराठ्यांच्या राजकारणात त्यांनी मोठा अधिकार गाजविला, परंतु माहेरच्या देवीसाठी बांधलेल्या या पायऱ्यांवरूनच सामान्यजन त्यांना ओळखतात. सासूबाईंनी वाकून पहिल्या पायरीला हात लावला, तो कपाळाला नेला आणि मग आम्ही ट्रॉलीच्या रांगेत उभे राहिलो.

लोक तिला ‘रोप-वे’ म्हणतात, पण ती दोराला लोंबकळत जात नाही. उतारावर घातलेल्या रुळांवरून डबा वर ओढला जातो. काही मिनिटांत वर पोहोचतो. आमच्या डब्यात सासूबाईंसारख्या पाचसहा वृद्ध स्त्रिया होत्या आणि प्रत्येकीचे ओठ हलत होते. भक्ताने देवाकडे कष्टानेच जावे, असे मानणारे पुष्कळ आहेत व त्यांचा आम्ही आदर करतो. परंतु पन्नास वर्षे पायऱ्या चढलेल्या गुडघ्यांना उरलेली वाट कोणी वाहून नेली, तर त्यात देवीची अवकृपा होईल असे आम्हांस वाटत नाही.

रांग संथ सरकत होती. कड्याच्या पोटाशी वारा जोरात येतो. त्या वाऱ्यात घंटांचा नाद, उदो उदोचा गजर आणि कापराचा वास एकदमच अंगावर आले. सर्वांच्या वर, जेथे जावयास धड वाट नाही त्या शिखरावर, आश्विन नवमीच्या आणि चैत्र चतुर्दशीच्या मध्यरात्री ध्वज लावला जातो. पायथ्याच्या दरेगावातील गवळी घराण्याकडे तो मान पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाचव्या माळेला ते शिखर अंधारात नुसतेच काळे दिसत होते.

आणि मग देवी समोर आली.

मुले हात मोजू लागली. अक्षमाला, कमळ, बाण, खड्ग असे पुटपुटत थोरला कमंडलूपर्यंत पोहोचला. धाकट्याचे मोजणे सतराच्या पुढे जाईना. रांग ढकलत होती. मी सासूबाईंच्या दंडाला धरून होते व त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, देवीकडे नव्हे. त्यांनी प्रथम डोळे मिटले. कितीतरी वेळ, निदान त्या गर्दीत कितीतरी वाटावा इतका वेळ, मिटलेलेच ठेवले. मग उघडले. ‘चला, पुढे चला’ म्हणत सेवेकऱ्याने हात पुढे केला, आणि त्यांच्याकडे पाहून तोच हात खाली घेतला.

“मान तशीच आहे गं,” सासूबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर त्या कठड्याशी बसल्या. पदराने डोळे पुसले, प्रसादाचा पेढा मोडून चौघांना वाटला आणि शेंदूर गेल्याने देवीची बोटे किती नाजूक दिसतात, याचे वर्णन जणू आम्ही पाहिलीच नव्हती अशा तऱ्हेने आम्हांस ऐकविले. मुलांचा अठराव्या हाताचा वाद अजून मिटला नव्हता. तो त्यांनी पानपात्राच्या बाजूने निकालात काढला. खाली दिव्यांच्या ओळी दिसत होत्या. घाटातून गाड्या चढत होत्या, त्यांचे उजेड वळणावर नाहीसे होत आणि पुन्हा वर येत. कोजागरीला याच वाटेने कावडी येतील, दूरदूरच्या नद्यांचे पाणी खांद्यावर घेऊन. चैत्रात रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खान्देश पायी लोटेल. “चैत्रात गर्दी फार,” यजमान म्हणाले. सासूबाईंनी ते ऐकले की नाही, कळले नाही.

रात्री नाशिकची गाडी पकडण्यासाठी वणीला उतरलो, तेव्हा बाजार जागाच होता. जगदंबेकडून आरत्यांचे स्वर येत होते. गाडीला अवकाश होता. सासूबाई आम्हांला न सांगताच सकाळच्या त्या कापडाच्या दुकानाकडे वळल्या. दुकानदाराने त्यांना ओळखले आणि काही न विचारता वरच्या फळीवरील घडी खाली काढली.

“अकरा वार पुरे भर ना रे?” त्यांनी विचारले. “आणि चोळीचे तीन खण दे. चैत्राला न्यायचंय.”